कुळाचं तोंड

लोगाहा, ४ मे २०१५

एलिसन,

पत्राच्या सुरुवातीला मी तुला नेहमी आशीर्वाद लिहिते. आज लिहायला गेले आणि हात अडला. तेव्हा नुसतं नाव.

काल रविवारची प्रार्थना संपली तेव्हा चर्चच्या दारावर प्रांताच्या कचेरीचा कागद चिकटवलेला होता. तिरोता नदी समुद्राला मिळते तिथपासून धबधब्यामागच्या डोंगरापर्यंत आपल्या आईच्या कुळाची जमीन आहे. तिच्यावरची झाडं तोडायला कुळाची संमती आहे, असं त्यात छापलंय. कुळातर्फे सही तुझी. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, कोणाची हरकत असेल तर एक महिन्याच्या आत अपील करावं.

जेसी बाळाला कडेवर घेऊन माझ्या शेजारीच उभी होती. म्हणाली, "आई, मामाने हो म्हटलं?"

मी म्हटलं, "मामा कशाला हो म्हणेल? छापणाऱ्याने घोळ घातला असेल."

पोरीने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच माझी लाज वाटली.

तोडीच्या परवान्याची सुनावणी गावात झाली, तिच्या आदल्या संध्याकाळी तू घरी जेवलास. नारळाच्या रसातला मासा दोनदा मागून घेतलास, जेसीकरवी माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस. मी वाट बघत होते तू विचारशील म्हणून. आईने मरताना दोघांना शेजारी बसवून सांगितलं होतं, मोठी बहीण कुळाचं मूळ आणि भाऊ कुळाचं तोंड. मूळ ठरवतं, तोंड बोलतं. तू काही विचारलं नाहीस. मला वाटलं, सहा वर्षांपूर्वी लाकूड तोडणारी पहिली कंपनी आली तेव्हा कुळाने 'नाही' म्हणायचं ठरवलंय, तेच तू उद्या सांगणार, त्यात नव्याने काय विचारायचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकतीस बायका रिवाजाप्रमाणे सभागृहाच्या बाहेर, वळचणीखाली चटया विणत बसलो. आत तू इंग्रजीत बोलत होतास. मधूनमधून सगळे हसत होते. मग प्रांताचा अधिकारी दारात आला आणि म्हणाला, "बायकांपैकी कोणाला काही म्हणायचंय का?" एकीनेही मान वर केली नाही. आत भाऊ बोलत असताना बाहेर बहीण तोंड उघडेल, अशी बाई आपल्या किनाऱ्यावर अजून जन्मायची आहे. आपल्याकडे गप्प बसण्याचा अर्थ, माझ्या भावाला विचारा. त्यांच्याकडे गप्प बसण्याचा अर्थ, हो. हे दोन्ही अर्थ कळणारा त्या सभागृहात एकच माणूस होता. कुळाने खोबरं विकून शिकवलेला.

तुला फोन करायचा तर जेसीला टेकडी चढावी लागते, आणि चढलं तरी तू उचलत नाहीस. समोर असतास तरी काय, मोठ्या बहीणभावांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही, मधल्या माणसाकरवी बोलायचं, हा आपला रिवाज. पत्रावर बंदी घालायला पूर्वज विसरले म्हणून बरं.

प्रांताला लिही की चूक झाली. महिना आहे हातात. तू लिहिलंस तर मी यातलं एक अक्षर पुन्हा काढणार नाही.

तुझी ताई,
रोडा

लोगाहा, १३ मे

एलिसन,

माझ्या पत्राचं उत्तर आलं. तांदळाची पोती, टुना माशाच्या डब्यांची खोकी आणि कंपनीचं नाव छापलेले सदरे. चिठ्ठी नाही.

मी बायकांना सांगितलं, हात लावू नका. त्यांनी ऐकून घेतलं. संध्याकाळी घरोघरी भात शिजत होता. कोणाला नावं ठेवू? माझ्या घरीही शिजला. आपल्याच समुद्रातला मासा परक्यांच्या जहाजात बसून जातो, डब्यात बसून परत येतो, आणि आपण किनाऱ्यावर राहणारी माणसं डबा फोडून बोटं चाटतो. आपल्या सॉलोमन बेटांत सोनं आहे, निकेल आहे, समुद्रभर मासे आहेत, आणि दवाखान्यातली नर्स तापाची गोळी मधोमध तोडून दोघांना देते. निवडणूक आली की खासदार सौरकंदील वाटतो. निवडून आला की राजधानीत, होनियारात राहतो, आणि कंदील पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकत नाही. हे मला नवं नाही. नवं एवढंच की आता त्या पंगतीत माझा भाऊ वाढपी झालाय.

अपिलाची मुदत संपायची वाट कंपनीने पाहिली नाही. सोमवारी तराफ्यावरून दोन बुलडोझर उतरले. पहिला रस्ता त्यांनी कुठून काढला असेल? जेसीच्या अळूच्या वाफ्यांतून. ओल्या जमिनीत तीन वर्षं खपून तिने ते वाफे केले होते. एका सकाळीत त्यांवर यंत्रांचे चर उठले.

मी बघायला गेले तर तिथे तुमच्या कंपनीचा माणूस डडली उभा. शेजारच्या खाडीतलं पोर, माझ्या हाताखाली चौथी नापास झालेलं. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात वॉकीटॉकी.

"मावशी, इथे उभ्या राहू नका. झाड पडेल."

"झाड माझंय. पडायचं असेल तर मला विचारून पडेल."

तो हसला. "आता रस्ता होतोय ना. गाडी येईल गावात."

"कुठून कुठे जातो रे हा रस्ता?"

"वरून खाली."

"म्हणजे जिथे झाड आहे तिथून जिथे जहाज आहे तिथे. दवाखाना मधे लागतो का? शाळा?"

"मावशी, विकास आला की थोडी धूळ उडणारच."

"धूळ उडाली तर खाली बसते, डडली. ही नदीत बसलीय."

त्याने चष्मा वर केला, नदीकडे बघितलं आणि पुन्हा खाली केला. तिरोता आता विटेच्या रंगाची झालीय. बायका हंडे घेऊन येतात, पाण्याकडे बघतात आणि तशाच उभ्या राहतात. परवापासून जेसीच्या बाळाला जुलाब होताहेत. नर्सने मीठसाखरेचं पाणी द्यायला सांगितलंय. कोणत्या पाण्यात कालवायचं, ते तिलाही सांगता आलं नाही.

मला शिसारी आलीय, एलिसन. आधी तुझी आली. मग भात खाणाऱ्या हातांची. सकाळी तोंड धुताना स्वतःच्या तोंडाचीही आली.

वीस दिवस उरलेत. निदान उत्तर तरी दे.

रोडा

लोगाहा, २० मे

एलिसन,

तुझी लिनेट काल बोटीने आली. तू पाठवलेलं नाहीस, ती पळून आलीय. आल्या आल्या माझ्या पाया पडली आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल?

"आत्या, मला वाडी करायला थोडी जागा देशील?"

मी म्हटलं, "होनियारात तुझ्या बापाने प्लॉट घेतलाय असं ऐकलं."

"घेतला होता. कंपनीने दिलेल्या आगाऊ पैशातून. कुंपण घालायला गेलो तर तिथे आधीच एकाचं घर उभं. आम्ही भांडत होतो तेवढ्यात तिसरा आला, त्याच्याकडेही त्याच प्लॉटचे कागद. तिघांकडेही शिक्के खरे, आत्या."

"मग बाप काय म्हणाला?"

"बाबा कुंपणाच्या खांबावर बसून राहिले. मग म्हणाले, आत्याला सांगू नकोस."

तिने तेच आधी सांगितलं. या पोरीकडून तुला फार अपेक्षा नको.

तिला जेवायला वाढताना मी म्हटलं, आईच्या गावी, मलाइता बेटावर का नाही जात? तर ती शांतपणे म्हणाली, "तिथे गेले होते. मामा म्हणाले, आपल्यात जमीन बापाकडून येते, बापाच्या गावी जा. इथे तुम्ही म्हणता, जमीन आईकडून येते, आईच्या गावी जा. मी बोटीतच राहू का?"

एलिसन, तुझ्या लग्नात आपण किती हसलो होतो. डुकरं उतरवताना मलाइताचे लोक आपल्याला चिडवत होते, आपण त्यांना. मुलं जमिनीविना जन्मणार, हे हसणाऱ्यांपैकी एकालाही सुचलं नाही. तुला कधी सुचलं? लिनेट चालायला लागली तेव्हा? मला तू कधी बोलला नाहीस, आणि खरं सांगायचं तर मीही कधी विचारलं नाही. तू स्वतःच्या मुलांसाठी विकलंस, हे मला काल कळलं. म्हणून माफ केलं असं समजू नकोस. माझ्या मुलीची जमीन विकून तू तुझ्या मुलीसाठी एक शिक्का विकत घेतलास, आणि तोही धड नाही.

आता लिहायचं टाळत होते ते लिहिते. लिनेट तुझ्या पेटीतल्या कागदांच्या प्रती घेऊन आलीय. त्यात एक पान आहे, "संमती देणाऱ्या स्त्रिया". एकतीस नावं. अक्षर माझं.

सुनावणीच्या दिवशी डडली वही घेऊन बाहेर आला होता. म्हणाला, "मावशी, तुमचं अक्षर सुंदर. आलेल्या बायकांची नावं लिहून द्या, चहाबिस्किटांना लागतात." मी फुगले. सगळ्यांची नावं आडनावांसकट ओळीत काढली, वर रेघ मारली, खाली तारीख घातली. बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं त्याचं हे चीज.

आणखी एक. गेल्या नाताळात तू मला छपराचे पत्रे पाठवलेस आणि पाण्याची मोठी टाकी. तुझा पगार मला ठाऊक आहे. त्यात पत्रे बसतात, टाकी बसत नाही. गणितात नुसतं उत्तर लिहिणाऱ्या पोरांचे मी मार्क कापायचे, रीत कुठे आहे म्हणून. तुला मात्र रीत विचारली नाही. पत्रे ठोकून घेतले आणि शेजारणींना सांगत फिरले, भाऊ असावा तर असा.

आज लोगाहात प्यायचं पाणी फक्त त्या टाकीत आहे. सकाळी माझ्या दारात हंड्यांची रांग लागते. बायका मला आशीर्वाद देतात. मी नळ सोडते आणि कुठेतरी दुसरीकडे बघते.

लिनेटला मी जागा दिलेली नाही. देता येत नाही. भाऊ जिवंत असताना त्याची मुलं त्यांच्या आईची, हा नियम मी मोडला तर उद्या कोणाला कशाच्या जोरावर अडवू? ती जेसीबरोबर झोपते. माझ्याशी नीट बोलत नाही.

रोडा

लोगाहा, २६ मे

एलिसन,

काल तू आलास. इतकं जवळ येऊन गेलास तरी मला पत्रच लिहावं लागतंय, कारण तू काल पडवीत बसून जे बोललास त्याला मी आतून धड उत्तर देऊ शकले नाही.

जेसी अजून चिडलेली आहे. "आईला सांग, कंपनी नदीपलीकडे नवीन नळ टाकून देणार आहे," असं तू म्हणायचास. "मामाला सांग, नळात पाणी कुठून आणणार," असं मी म्हणायचे. मधल्या दारात ती बाळ घेऊन उभी. शेवटी वैतागून म्हणाली, "तुम्हाला दोघांनाही ऐकू येतंय ना? मग मला कशाला दमवता?" तू हसलास. तुझं हसू ऐकून मलाही आलं, ते मी ओठांत दाबलं. क्षणभर वाटलं, सगळं जुनं परत येईल.

मग तू म्हणालास, "आईला सांग, मी पैसे उचललेत. आता मागे फिरलो तर ते मला तुरुंगात घालतील." आणि थोड्या वेळाने अगदी हळू, "आईला सांग, हे मी हौसेने केलं नाही."

  तुरुंगाला तू घाबरतोस ते मला समजतं. पण तुझ्या भीतीची किंमत माझ्या नातवाने का द्यावी? तो अजून उठून बसत नाही, नुसता पडून असतो.

तू प्रांताच्या गावी, कंपनीच्या विश्रांतिगृहात परत गेलास. तुझी होडी दिसेनाशी झाल्यावर मी कॅसपर आजोबांकडे गेले. ते आपल्या कुळाचे नाहीत, पण या किनाऱ्यावरचा रिवाज त्यांच्याइतका कोणाला पाठ नाही. दात नाहीत, म्हणून नातीकडून सुपारी कुटून घेतात. मी म्हटलं, "आजोबा, मला अपील करायचंय."

"कर की. अर्ज तुला लिहिता येतो."

"अर्ज येतो. कोर्टात उभं राहून बोलायचं, त्याचं विचारतेय."

त्यांनी सुपारी आणि चुना गालात सारला. "तिथे बसतात ते पाचही जण आपल्या बेटावरचे म्हातारे आहेत, पोरी. पहिला प्रश्न विचारतील, कुळाचं तोंड कुठाय? तू म्हणशील, हा काय समोर बसलाय. मग म्हणतील, तोंड जिवंत असताना मूळ बोलत नाही. घरी जा."

"आणि तोंडच विकलं गेलं असेल तर?"

"विकलेलं तोंड हे तोंडच. मेलेलं तोंड नव्हे. मेलं असतं तर मूळ बोललं असतं, दुसरा भाऊ नेमेपर्यंत."

 मग विचारलं, "मेलाय हे कोण ठरवतं, आजोबा?"

ते चघळायचे थांबले. "बहीण," ते म्हणाले. "बहिणीने केस कापले, डुक्कर शिजवलं, गावाने ते खाल्लं, की माणूस मेला. समुद्रात बेपत्ता झालेल्यांचं आपण असंच करतो. प्रेत कुठे असतं त्यांचं?"

"आणि बेपत्ता झालेला परत आला तर?"

"बहिणीने त्याला जेवायला वाढलं तर तो जिवंत. नाही वाढलं तर नाही."

त्यांनी लाल पिंक टाकली आणि मला घरी जायला सांगितलं. तुला हे सगळं लिहून ठेवतेय, म्हणजे मी पाठीमागून काही केलं असं तुला म्हणता येऊ नये.

रोडा

लोगाहा, २९ मे, दुपार

एलिसन,

हे पत्र कॅसपर आजोबांचा नातू मोटरबोटीने तुझ्या हातात आणून देईल. तीन तासांचं अंतर आहे.

उद्या शनिवारी तुझं सुतक. दोन डुकरं बांधली आहेत. पाद्रीबाबा म्हणाले, "जिवंत माणसासाठी मी प्रार्थना म्हणणार नाही." मी म्हटलं, नका म्हणू, जेवायला या. बायकांना वाटलं होतं मी रागाच्या भरात बोलतेय. काल मी कात्री धार लावायला दिली तेव्हा त्यांना खरं वाटलं.

उद्या दुपारपर्यंत ये. चर्चसमोर उभा राहून सगळ्यांदेखत सांग, मी मुळाला विचारलं नाही, माझी सही खोटी आहे. तेवढ्यावर डुकरं सोडून देईन. तुरुंगात जावं लागलं तर मी दर महिन्याला रताळी घेऊन होनियाराला येईन. खोटं लिहीत नाही, येईन.

ये रे. हे लिहिताना मला राग नाही, फक्त भीती वाटतेय.

ताई

लोगाहा, २८ जून

एलिसन,

हे पत्र लिनेटच्या हट्टामुळे लिहितेय. मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं वेडेपणा आहे, हे मी तिला सांगून पाहिलं.

त्या शनिवारी आम्ही ऊन उतरेपर्यंत थांबलो. दोन होड्या आल्या, दोन्ही मासेवाल्यांच्या. मग मी केस कापले. दगड तापवून डुकरं भाजायला घातली. बायकांनी रडायला सुरुवात केली. आधी रिवाज म्हणून, जरा लाजत लाजतच. कोणी एकमेकींकडे बघत नव्हतं. मग लिनेट रडली. ती आतून रडली, एलिसन, जमिनीवर बसून, "बाबा बाबा" करत, आणि ते ऐकल्यावर मला माझं कळेना. तू तीन वर्षांचा असताना खेकडा चावला म्हणून माझ्या मांडीवर रडला होतास, तसं काहीतरी आठवत राहिलं. पाद्रीबाबा प्रार्थना न म्हणता बाजूला बसले आणि सगळ्यांत जास्त मांस त्यांनीच खाल्लं. गाव जेवलं. तू मेलास.

सोमवारी मी अर्ज दिला, एक दिवस राखून. गुरुवारी अठराला कोर्ट बसलं. तू तिथे होतास, तुला काय सांगायचं. तरी सांगते, कारण मी कुठून काय पाहिलं ते तुला माहीत नाही.

कंपनीचा वकील उठला आणि म्हणाला, "या बाईंना बोलायचा अधिकार नाही. यांचे बंधू जिवंत आहेत. हे काय, पहिल्या रांगेत बसलेत." सगळे तुझ्याकडे वळले. पाचांपैकी मधल्या म्हाताऱ्याने मला विचारलं, "बाई, हे कोण?"

मी कापलेल्या केसांवरून हात फिरवला. म्हटलं, "माझ्या भावाला मी तीस मेला रडले. गाव जेवून गेलं. हे गृहस्थ कंपनीबरोबर आलेत."

वकील हसला. त्याच्या मागे डडलीही हसला. पाच म्हातारे हसले नाहीत. मधल्याने तुला विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?"

तुला नुसतं "ताई" म्हणायचं होतं. तू "ताई" म्हणाला असतास तर मी तिथेच बसले असते आणि सगळा खेळ संपला असता. मला ते ठाऊक होतं, आणि तुलाही असणार. तू तोंड उघडलंस. मग मिटलंस, आणि मान खाली घालून बसून राहिलास. तू घाबरून गप्प बसलास की माझ्यासाठी, ते मला अजून कळत नाही. रोज सकाळी वेगळं वाटतं.

मग मी बोलले. पाऊण तास बोलले. अक्षराचं सांगितलं, पत्र्यांचंही सांगितलं. नाव झालं माझं सगळीकडे.

निकाल तुझ्या कानावर गेलाच असेल. मुळाला न विचारता बोललेलं तोंड ग्राह्य नाही, सही रद्द, तोड बंद. कंपनीने तो कागद वाचला आणि आणखी तीन दिवस तोडत राहिली. पोलिसांना कळवलं तर म्हणाले, होडीला तेल नाही. शेवटी गावातले पुरुष रस्त्यात चटया टाकून बसले तेव्हा कुठे यंत्रं थांबली. खालचा अर्धा डोंगर तोवर उघडा झालाय. लाकडं घेऊन जहाज गेलं, कुठे ते विचारायला कोणी नव्हतं. धबधब्याच्या वरचं रान वाचलं. यालाच जिंकणं म्हणतात म्हणे. रेडिओवर खासदाराने आपलं अभिनंदन केलं. मी रेडिओ बंद करून बाहेर जाऊन थुंकून आले.

जेसीचं बाळ आता बसतं.

आता लिनेटचं. परवा कॅसपर आजोबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही वाटतं. भाऊ जिवंत असतो तोवर त्याची मुलं आईची. भाऊ मेला की त्याची मुलं बहिणीच्या चुलीची. ही पोर आता तुझी आहे." लिनेट तिथेच मासा साफ करत होती. तिच्या हातातली सुरी थांबली.

धबधब्याच्या डाव्या अंगाचा उतार तिला दिलाय. तिथली माती काळी आहे, यंत्र तिथवर पोचलं नव्हतं. परवापासून ती आणि जेसी तिथे रताळ्याचे वेल लावताहेत. तिच्यानंतर तो तिच्या मुलींचा. कुठलाही शिक्का नाही, आणि तो कोणी दुसऱ्याला विकू शकत नाही. ज्याच्यासाठी तू एवढं शेण खाल्लंस ते तुझ्या पोरीला मिळालं. तू सरळ येऊन मागितलं असतंस तर मी दिलं नसतं, नियम दाखवला असता. हे माझ्याकडून तुला कबूल करायचं राहिलं होतं.

लिनेट म्हणते, तू धड जेवत नाहीस. म्हणते, नाताळला बाबांना बोलावू या, लांबून वाडी बघून जातील. मी तिला नाही म्हटलं. ती अबोला धरून बसलीय, म्हणून तुलाच समजावते, तू तिला समजाव.

तू धक्क्यावर उतरलास तर मी तुला ओळखणार नाही, असं मी कोर्टात शपथेवर सांगून आलेय. पण तुला भूक लागलेली दिसली तर मी वाढीन. माझा हात थांबेल, याची मला खात्री नाही. आणि मी एक घास वाढला की तू जिवंत. मग माझी साक्ष खोटी, निकाल खोटा, कंपनी पुन्हा नदीवर, आणि लिनेट पुन्हा बोटीत.

म्हणून येऊ नकोस. होनियारात काय खायचं ते खा, पण खा. कुळासाठी आजवर तू एकही काम नीट केलं नाहीस. एवढं एक कर, मेलेलाच राहा.

रोडा